समेटाच्या सात पायऱ्या आणि एक कोंबडा

ख्रिस्ती माणसं भांडत नाहीत. आमच्या मंडळीत तरी 'भांडण' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. आमच्याकडे फक्त मनं दुखावतात. कुणाला अडखळण होते, कुणाच्या साक्षीला धक्का लागतो, आणि प्रकरण अगदीच हातघाईवर आलं तर एखादी भगिनी डोळे मिटून सांगते, "त्या बंधूंसाठी विशेष प्रार्थनेची गरज आहे." मग बंधू कोण, त्यांनी काय केलं, कुणासमोर केलं आणि त्यांच्या सासऱ्यांनी पूर्वी हेच कसं केलं होतं, असा सगळा तपशील ती पुरवते. प्रार्थना मोघम होऊ नये एवढाच तिचा हेतू असतो.

अशा दुखावलेल्या मनांचा समेट घडवणारा म्हणून माझं नाशकात थोडं नाव आहे. शरणपूर रोडच्या बाजूला राहतो, शाळेतून निवृत्त झालो आहे, आवाज मोठा आहे आणि मंडळीच्या कमिटीवर आहे. नाव झालं ते एका प्रकरणामुळे. गायनमंडळातली दोन घराणी एकमेकांकडे पाठ करून अल्टो आणि टेनर गात होती. मी मध्ये पडलो आणि काही महिन्यांत शांतता नांदू लागली. त्याच सुमारास एका घराण्याची जळगावला बदली झाली होती, हा तपशील लोक सांगायचे विसरतात आणि मीही आठवण करून देत नाही. त्या यशावर मी एक व्याख्यान तयार केलं, 'समेटाच्या सात पायऱ्या'. सात तक्ते, रंगीत स्केचपेन, प्रत्येक पायरीला एक वचन. पुढाऱ्यांच्या शिबिरात ते बरं चाललं, म्हणजे जेवणाआधी असूनही लोक बसून राहिले.

त्या शिबिराला जव्हार तालुक्यातून एक तरुण पाळक आले होते. जामसरजवळच्या एका पाड्यावर त्यांची छोटीशी मंडळी आहे. शेवटी सगळे निघाल्यावर ते जवळ येऊन म्हणाले, "सर, आमच्याकडे एक मन दुखावलंय. कापणीच्या सणाला याल का?" मी विचारलं, किती दिवसांचं आहे? ते म्हणाले, "मागच्या सणापासूनचं. पण यंदा भट्टीवर जायच्या आत मिटायला पाहिजे. नाहीतर तिथं घेऊन जातील."

हे मला नीट समजलं नव्हतं, ते तिथं गेल्यावर समजलं. जव्हार-मोखाड्याकडे भाताची कापणी-झोडणी उरकली की दिवाळीनंतर गावंच्या गावं हलतात. भिवंडी, वसई, जिथे वीटभट्टी असेल तिथे घरदार, पोरं, भांडी घेऊन जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. भांडण मिटायला माणसं समोरासमोर हवीत, आणि तिथे ती वर्षातले काही महिनेच समोरासमोर असतात. आमच्या शहरी भांडणांना असली घाई नसते. आम्ही निवांत भांडतो.

तर मी निघालो. नाशिक, त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार अशी एसटी. काखेत सात तक्त्यांची गुंडाळी, पिशवीत बायकोने दिलेल्या दशम्या आणि पाण्याच्या बाटल्या. "तिकडचं पाणी तुम्हाला सोसायचं नाही," असं तिने बजावलं होतं. कंडक्टरने गुंडाळीकडे बघून विचारलं, "कुठल्या पक्षाचं?" मी म्हणालो, "कुठल्याच नाही, समेटाचं." त्याने माझ्याकडे जरा सहानुभूतीने पाहिलं आणि पुढे गेला. घाटातल्या प्रत्येक वळणाला ती गुंडाळी शेजारच्या आजीबाईंच्या कानशिलात जात होती. मी दरवेळी क्षमा मागत होतो आणि त्या दरवेळी काही न बोलता ती बाजूला सारत होत्या. पहिली पायरी, 'सहनशीलता', त्यांनी तक्ता न बघता पार केली होती.

जव्हारहून जीपने जामसर, आणि तिथून पाळकांच्या मोटारसायकलवर मागे बसून पाडा. वाटेत त्यांनी प्रकरण सांगितलं. कापणीच्या सणाला प्रत्येक घर आपल्या पिकातलं काहीतरी वेदीपाशी आणून ठेवतं. नागली, वरई, उडीद, खुरासणीच्या तेलाची बाटली, भोपळा, एखादी कोंबडी. उपासना झाली की त्याचा लिलाव, पैसे मंडळीच्या कामाला. मागच्या वर्षी एका बाईने गावठी कोंबडा अर्पण केला. हिच्या घरी मंगळवारची प्रार्थना भरते, म्हणून मी तिला मंगळवारवाली म्हणेन. मंडळीत पेटी वाजवणाऱ्या दादांनी त्या कोंबड्यावर तीनशेची बोली लावली. लिलाव करणाऱ्याला ती ऐकूच आली नाही, म्हणे. त्याने पालघरहून आलेल्या पाहुण्याला अडीचशेत कोंबडा देऊन टाकला. पेटीवाले दादा उठून उभे राहिले. तेवढ्यात मंगळवारवाली शेजारणीला हळूच म्हणाली, "त्याच्याकडे कुठले तीनशे?" हळूच म्हणजे किती हळू, याबद्दल दोन मतं आहेत.

पुढच्या रविवारी पेटीवाले आले, पेटी उचलली आणि घरी घेऊन गेले. पेटी मंडळीच्या वर्गणीतली, पण भाता त्यांनी स्वतःच्या पैशाने बदलला होता. तेव्हापासून उपासनेत फक्त ढोलकी आणि खंजिरी, आणि खालच्या अंगाला दादांच्या ओटीवर पेटीसकट दुसरी उपासना. चार-पाच घरं तिकडे जायला लागलेली. मी पाळकांना मोठ्या अनुभवाने सांगितलं की नव्या मंडळ्या अशाच जन्माला येतात, संप्रदायांचा इतिहास वाचून बघा. त्यांनी खड्डा चुकवला आणि विचारलं, "मग पेटी कुणाची, सर?"

या प्रश्नाला हसण्यात अर्थ नाही, कारण यावर आम्ही देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टापर्यंत गेलेलो आहोत. डहाणू-वलसाडच्या पट्ट्यात अमेरिकेतून आलेल्या ब्रदरन पंथाच्या मिशनऱ्यांनी काम केलं, 1894 पासून. हा पंथ मुळातच शांततावादी. युद्धाला नकार, शपथेला नकार, भावाविरुद्ध कोर्टात जायला नकार. 1970 च्या नोव्हेंबरात नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात ब्रदरनही होते. मग गुजरातेतल्या काहींनी म्हटलं, हे विलीनीकरण झालेलंच नाही, आमच्या मिळकती आमच्या. दावे, अपिलं, पुन्हा अपिलं, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला 2013 साली. शांततावाद्यांचं हे असं. इतरांचं तर विचारूच नका. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा 1950 चा कायदा आणि धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय हे आमच्या अनेक पुढाऱ्यांना डोंगरावरच्या प्रवचनापेक्षा जास्त पाठ असतं. विश्वस्त बदलले की 'चेंज रिपोर्ट' दाखल करायचा आणि दुसऱ्या गटाने त्यावर हरकत घ्यायची. पौलाने करिंथकरांना झाडलं होतं की भाऊ भावाला न्यायसभेत खेचतो, आणि तेही अविश्वासणाऱ्यांपुढे. आता आम्ही तारखेला जाताना आधी प्रार्थना करून निघतो.

बरं, पौलाचं तरी काय? मार्कला बरोबर न्यायचं की नाही यावरून त्याचं आणि बर्णबाचं एवढं बिनसलं की एक मार्कला घेऊन कुप्राला गेला आणि दुसरा सीलाला घेऊन सूरियाकडे. म्हातारपणी तुरुंगातून त्याच मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे, असं पौलाने लिहिलं. आमचे रेव्हरंड टिळक तापट म्हणून प्रसिद्ध, आणि ती प्रसिद्धी खुद्द लक्ष्मीबाईंनीच 'स्मृतिचित्रे'त करून ठेवली आहे. त्यांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. तेव्हा पेटी उचलणाऱ्यांना आपल्याकडे मोठी परंपरा आहे. हे सगळं माझ्या दुसऱ्या तक्त्यावर होतं, टिळक निळ्या शाईत.

रात्री मुक्काम पाळकांच्या घरी. मंगळवारवालीकडून निरोप आला की जेवायला या. मी पिशवीतल्या दशम्या दाखवून कळवलं की माझं झालंय. पोट सांभाळायचं होतं, आणि शिवाय मध्यस्थाने कुठल्याच पक्षाचं खाऊ नये, असा तिसऱ्या तक्त्यावरचा नियम होता. माझ्या दृष्टीने निःपक्षपातीपणाचा तो कळस होता.

रविवारी उपासनेआधी व्याख्यान. सारवलेल्या जमिनीवर माणसं बसलेली, भिंतीला तक्ता लावायला खिळा नव्हता, म्हणून दोन पोरांनी तो दोन्ही टोकांना धरला. पेटीवाले दादा आले होते, पण दाराबाहेर ओट्यावर. आत नाही आणि गेलेही नाहीत, अशी ती जागा प्रत्येक मंडळीत असते. मी सुरुवात केली, मत्तयाचा अठरावा अध्याय. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला एकांतात सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा. तरीही नाही तर मंडळीला सांग. इथे मी नेहमीची टाळी घेणारी कोपरखळी मारली की आपण हा क्रम उलटा करतो, आधी मंडळीला सांगतो, मग दोघांना, आणि त्या भावाला सांगायचं राहूनच जातं. नाशकात इथे हशा येतो. इथे एक म्हातारी म्हणाली, "तू जोरात बोल. मागं नाय ऐकू येत."

तू! चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस मी. हेडमास्तरसुद्धा मला 'अहो' म्हणत. पुढची दोन वचनं मी त्या 'तू'च्या तारेतच वाचली. त्या भागातली आदिवासी माणसं कलेक्टरलाही तू म्हणतात, त्यात अनादर नसतो, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि न दुखणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुखावलेल्या मनांवर बोलता बोलता वक्त्याचंच मन दुखावलं होतं आणि तक्ता धरणाऱ्या पोरांचे हातही. एकाने तेवढ्यात हात बदलला आणि चौथी पायरी खाली आली.

पाचवी पायरी म्हणजे माझा हुकमी एक्का, 'भूमिका बदलून पाहणे'. दोघांना उभं करायचं आणि भांडण नाटकासारखं करून दाखवायचं. तारप्यावर रात्ररात्र नाचणाऱ्या आणि बोहाड्याची सोंगं काढणाऱ्या मुलखात नाटक कर म्हणून सांगणं म्हणजे मोठं धाडस, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक पोरगा पेटीवाला झाला, एक मुलगी मंगळवारवाली. तिने पदर असा खोचला की सगळी सभा ओरडली. दोघांनी कोंबडा, बोली, पाहुणा सगळं रंगवलं, एक जण न सांगता कोंबडाही झाला. मी घड्याळ बघत होतो. आणि मग पेटीवाला झालेला पोरगा एकदम म्हणाला, "माझी पोर जामसरच्या दवाखान्यात होती तवा तू आली नाय. मंगळवार होता. तुझ्या घरी पराथना होती."

सभा गप्प झाली. बाहेर ओट्यावर पेटीवाले दादांनी मान खाली घातली. खरी मंगळवारवाली काहीतरी बोलायला उठली.

आणि मी काय केलं? टाळी वाजवली आणि म्हणालो, "छान, छान! पण विषयाला धरून बोलू या. कोंबड्यावर राहू या. अजून दोन पायऱ्या आहेत."

ती बसली. सहावी पायरी चालू असताना माझ्या एवढंच लक्षात आलं की पाळक तक्त्याकडे बघत नाहीयेत. ते दाराकडे बघत होते.

उपासनेनंतर लिलाव. मागच्या वेळचा अनुभव लक्षात घेता लिलाव तटस्थ माणसाने करावा असं ठरलं, आणि तिथे माझ्याइतका तटस्थ कोण? नागली गेली, उडीद गेले, भोपळा दोन चुलतभावांत चढत चढत ऐंशीवर गेला. माझा आवाज लागला होता. मग मंगळवारवालीने यंदाही कोंबडाच आणला होता, तो माझ्या हातात आला. तांबडा, वजनदार, पाय सुतळीने बांधलेले. कोंबडा कसा धरतात हे मास्तरकीत शिकवत नाहीत. मी तो पुस्तकासारखा छातीशी धरला. "शंभर! दीडशे! दोनशे!" मी बोली पुकारत होतो, तो माझ्या चष्म्याकडे बघत होता. अडीचशेवर त्याने पंख झाडला, चष्मा गेला, सुतळी सुटली आणि कोंबडा आधी वेदीवर, मग नागलीच्या टोपलीत, मग कौलांवर. पोरं त्याच्यामागे. चष्म्याविना मला नुसते हलणारे रंग दिसत होते, आणि घाबरलेला माणूस जे येतं तेच करत राहतो म्हणून मी ओरडत राहिलो, "तीनशे! चारशे! पाचशे!" कुणी बोली लावत नव्हतं, मीच चढवत होतो. ओट्यावरून कुणीतरी "साडेतीनशे" म्हणालं होतं, असं नंतर कळलं. ते कोण होतं हेही नंतर कळलं. मला ते ऐकू आलं नाही. सातशेला मी स्वतःच तीन वेळा म्हटलं आणि हात आपटला. चष्मा हातात देत पाळक हळूच म्हणाले, "सर, कोंबडा तुमचा झाला."

सातशे रुपये भरून आणि कोंबडा पाळकांच्या खुराड्यात ठेवून मी संध्याकाळच्या जीपने निघालो. तक्तेही तिथेच राहिले. पुढे समजलं की पावसाळ्यात छपराला ते चांगले उपयोगी पडले.

जाताना पाळकांना म्हणालो, "पायऱ्या सगळ्या झाल्या, आता तुमचं काम सोपं आहे." ते म्हणाले, "हो सर. आज रात्री घरं करतो." घरं करणं म्हणजे काय, ते त्यांनी जीपची वाट बघताना सांगितलं. डहाणूकडच्या एका म्हाताऱ्या उपदेशकाबरोबर ते लहानपणी फिरले होते. त्या जुन्या ब्रदरन रिवाजात प्रभुभोजनाआधी एक प्रेमभोजन असे, त्यात एकमेकांचे पाय धूत, आणि त्या भोजनाआधी डीकन लोक घरोघर जाऊन प्रत्येकाला विचारत की मंडळीत सगळ्यांशी तुझी शांती आहे का? घरात, चुलीपाशी, एकेकट्याला. जिथे नाही म्हणतील तिथे ते बसून राहत. मी म्हणालो, "हे फारच वेळखाऊ आहे." ते म्हणाले, "हो."

मग बोलता बोलता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या एकाही तक्त्यावर नव्हती. पूर्वी पाड्यावर तंटा झाला की पंच बसायचे, दंड ठरायचा, आणि त्या दंडाच्या पैशाची दारू आणून दोन्ही बाजू एकत्र प्यायच्या. प्याले की तंटा संपला, पुन्हा उकरायचा नाही. "आपल्या लोकांनी दारू सोडली, सर. चांगलंच झालं. पण त्याबरोबर तंट्याचा शेवट पण सुटला. आता भांडण सुरू होतं, पण संपलं कधी ते कळत नाही." मी ते वहीत लिहून घेतलं, पुढच्या शिबिरात आठवी पायरी म्हणून वापरायला.

तिसऱ्या शतकात सूरियातल्या चर्चने बिशपांसाठी नियमांचं एक पुस्तक लिहिलं होतं. त्यात म्हटलंय की ख्रिस्ती माणसांचे तंटे सोमवारी ऐकावेत, म्हणजे पुढच्या रविवारच्या आत त्यांना शांत करायला सबंध आठवडा हाताशी राहील. हे मला ठाऊक होतं, पण सोमवारी मी नाशकात दुपारची झोप घेत होतो आणि फोन आला तो पाळकांचा.

"सर, एकटे आहात ना?"

"आहे. का?"

"एक बोलायचं होतं. तुमचं-माझं. अजून कुणाला बोललो नाही." मग थोडा वेळ रेंज गेल्यासारखी वाटली, पण गेली नव्हती. "ती बाय रडत होती काल. म्हणते, सर इतक्या लांबून आले, माझ्या घरचं जेवले नाहीत. पाणीपण पिशवीतलंच प्यायले. तिने कोरडा बोंबील जव्हारहून मागवला होता."

मी लगेच कारणं सांगायला लागलो. पोट, बायको, निःपक्षपातीपणा, तिसरा तक्ता. ते ऐकत राहिले. शेवटी मलाच माझा आवाज नकोसा झाला. ते म्हणाले, "ती लोकं भट्टीवर निघायच्या आत एकदा या, सर. नुसते या."

गेलो. हात मोकळे असल्याने प्रवासात आजीबाई सुखरूप राहिल्या. मंगळवारवालीच्या ओटीवर चूल पेटलेली, आणि पेटीवाले दादा तिथे बसून कांदा चिरत होते. पाळकांनी घरं केली होती. रात्र तिच्याकडे, रात्र त्यांच्याकडे. दवाखान्यातली गोष्ट दोन्हीकडे निघाली. मंगळवारवालीला पोर आजारी असल्याचं कुणी कळवलंच नव्हतं, असं ती म्हणते. दादा म्हणतात, सगळ्या पाड्याला माहीत होतं. ते तसंच आहे, आणि पाळकांनी ते तसंच राहू दिलं आहे. मात्र पुढच्या वर्षी लिलाव पेटीवाले दादा पुकारणार आणि पैसे मंगळवारवाली मोजणार, एवढं त्यांनी ठरवून टाकलंय. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्यांनी आमच्या विधवांना जेवण नीट मिळत नाही अशी तक्रार केली, तेव्हा वाढपाला नेमलेल्या सातही जणांची नावं ग्रीक होती. माझ्या सहाव्या तक्त्यावर ती नावं स्तेफनापासून निकलावापर्यंत क्रमाने होती. मी ती पाठ म्हणून दाखवायचो.

पेटी अजून दादांच्याच घरी आहे. रविवारी आणतात, संध्याकाळी नेतात.

कोंबड्याचा रस्सा तिखट होता. बरोबर नागलीची भाकरी, भात. घरच्याच हंड्यातलं पाणी. मंगळवारवाली वाढताना म्हणाली, "तू खा." मी खाल्लं. मग पेटीवाले दादांनी विचारलं, "सर, हा कोंबडा कितीला घेतलात म्हणालात?"

"सातशे."

दादांनी कांद्याचा हात पुसला आणि चुलीकडे पाहिलं. तिनेही वर पाहिलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच दोघांनी एकमेकांकडे नीट बघितलं असावं.

"सातशे," ते तिला म्हणाले.

"शहरातला आहे," ती म्हणाली. "घाल त्याला अजून भात."